ऋषीनं गाडीत कुठं बसायचं

सातारा,
६ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप आबांना,
क्रांतीचा साष्टांग नमस्कार.

रेश्माताईच्या सासऱ्यांना मी, तिची धाकटी बहीण, परस्पर पत्र लिहिते आहे हे आमच्या आईला कळलं तर ती म्हणेल, "सोयऱ्यांना शहाणपण शिकवतीस व्हय गं?" म्हणून तिला न सांगताच लिहिते आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही. शिवाय ताईच्या लग्नात तुम्हीच मला म्हणाला होता, "काय सांगायचं असलं तर कागदावर लिहीत जा, अठ्ठावीस वर्षं मी लष्करातनं घर कागदावरच चालवलं."

काल मी पलूसला आले होते तेव्हा तुम्ही ताईच्या ऋषीला नव्या गाडीतून कारखान्याच्या रस्त्यानं फिरवून आणलंत. ताईचे दीर जयराजदादा गाडी चालवत होते, तुम्ही त्यांच्या शेजारी, आणि ऋषी तुमच्या मांडीवर. दोन्ही हात पुढच्या फळीवर आपटून तो हसत होता. ताई त्याचं टोपडं हातात घेऊन फाटकाशी उभी होती. सगळे इतके आनंदात होते की मला तोंड उघडवलं नाही. परत येताना एस.टी.त मात्र कराडपर्यंत मी स्वतःवर चिडलेली होते.

तुम्हाला माहीत आहे, दीड वर्ष झालं, मी इथं एका गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरी करते. नवी गाडी न्यायला घरचे सगळे येतात. हार, नारळ, फोटो. मग सगळे गाडीत बसतात आणि सगळ्यात लहान मूल कुणाच्या तरी मांडीवर जातं. प्रत्येक गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक येतं. त्याची प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा कुणी फोडत नाही. मी ती पुस्तकं वाचते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे छापलेलं काही हातात आलं की वाचल्याशिवाय मला राहवत नाही. त्या पुस्तकांत स्पष्ट लिहिलेलं असतं की लहान मुलाला मांडीवर घेऊन गाडीत बसू नये. धडक बसली तर माणसाचे हात मुलाला धरून ठेवू शकत नाहीत. मुलाची वेगळी खुर्ची मिळते, ती गाडीला पट्ट्यानं बांधतात आणि मुलाला त्या खुर्चीत.

२३ फेब्रुवारीला ऋषीचं जावळ काढायला तुम्ही सगळे पालीला खंडोबाला जाणार आहात. कराडपासून पुढे महामार्ग आहे, मलकापूरजवळ रस्त्याची कामं चालू आहेत, ट्रक दोन्ही बाजूंनी अंगावर येतात. तेवढ्या प्रवासाला तरी तो त्याच्या खुर्चीत बसावा असं मला वाटतं. तुमची परवानगी असेल तर मावशीची भेट म्हणून ती खुर्ची मी घेईन.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर माफ करा. पण ऋषीपेक्षा मोठं मला यात काही वाटत नाही.

तुमची,
क्रांती

---

पलूस,
१३ जानेवारी

चिरंजीव क्रांती हिस,
जोतीरामचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. अक्षर चांगलं आहे. मजकूर आगाऊ आहे.

एक. मी फौजेत ड्रायव्हर होतो. तीन टनाची गाडी बर्फातनं, घाटातनं, पूल नसलेल्या नदीतनं चालवली. अठ्ठावीस वर्षांत माझ्या गाडीनं दुसऱ्या गाडीला ओरखडा काढला नाही. जयराजला गाडी मीच शिकवली. तू शोरूममध्ये उभ्या गाड्या बघतेस. उभी गाडी कुणालाही कळते.

दोन. पुढची जागा. आमच्याकडं पुढं कोण बसणार हे विचारावं लागत नाही. नवरदेव पुढं. घरातला थोरला पुढं. देवाचे टाक पालीला भेटवायला नेतात तेव्हा ताट मांडीवर घेऊन माणूस पुढंच बसतो, देवाला कुणी मागं बसवत नाही. ऋषी या घरातला पहिला नातू. त्याचा बाप उदयसिंह सरहद्दीवर आहे, तो येईपर्यंत पोराचा मान ठेवणं माझं काम. तो पुढं बसणार आणि माझ्या मांडीवर बसणार.

तीन. खुर्ची मावशीनं द्यायची काही गरज नाही. या घरात पोराला लागेल ते आणायला आजा जिता आहे.

तुझं पत्र मी तुझ्या ताईच्या सासूला, शालूबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आवं, पोरगी बोलती ती इचार करून बोलती."

मी म्हणालो, "बी.एस्सी. झाली म्हणून गाडीचं मला शिकवणार?"

"मग तुमास्नी शिकवायला कोण पायजे? ब्रह्मदेव?"

जयराज हसला. त्याला वैरण आणायला पाठवला.

तरी एक सांगतो. फौजेत आमचा उस्ताद म्हणायचा, तोंडाची वाफ दवडू नको, करून दाखव. तुझ्याजवळ करून दाखवण्यासारखं काही असलं तर लिही. नसलं तर जावळाला ये, पुरणपोळी खा आणि भाच्याचा पापा घेऊन जा.

उद्या संक्रांत. तिळगूळ पाकिटात घातला तर पोस्टात मुंग्या लागतील. गोड बोल.

जोतीराम

---

सातारा,
१८ जानेवारी

तीर्थस्वरूप आबांना,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही रागावलात, पण पत्र फाडलं नाहीत आणि उत्तर लिहिलंत. मी एवढ्याची आशा केली नव्हती. गोड बोलते, पण तुम्ही विचारलंत म्हणून करून बघण्यासारखं एक सांगते.

ऋषी आता नऊ किलोंचा आहे, ताईनं परवा वजन करून आणलं. तुमच्या घरी गुळाची दहा किलोंची ढेप असेलच. ती कापडात गुंडाळून मांडीवर घ्या. ऋषीला धरता तशीच धरा, एक हात भोवती आणि दुसरा मोकळा, मुद्दाम आवळू नका. तुमचा स्वतःचा पट्टा नक्की लावा. सकाळच्या वेळी मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कुणी नसताना, जयराजदादांना गाडी ताशी तीस-पस्तीसनं चालवायला सांगा. मग तुम्हाला न सांगता त्यांनी एकदम जोरात ब्रेक दाबायचा. केव्हा दाबायचा ते त्यांनीच ठरवायचं.

आणि हा नुसता ब्रेक झाला, आबा. धडक यापेक्षा पुष्कळ वाईट असते. ताशी चाळीसच्या वेगानं गाडी कशावर आदळली तर नऊ किलोंचं मूल त्या क्षणाला शंभर किलोंच्या पोत्यासारखं पुढे ओढतं. बसल्या जागेवरून शंभर किलोंचं पोतं एका हातानं अडवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. तुम्ही उत्तम ड्रायव्हर आहात यात मला तिळाएवढी शंका नाही. पण समोरून येणाऱ्याला गाडी तुम्ही शिकवलेली नाही.

खुर्ची घ्यायची ठरलीच तर एवढं बघा. ऋषीच्या वयाच्या मुलाला उलटं बसवतात, म्हणजे त्याचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. त्याचं डोकं अंगाच्या मानानं जड आणि मान कोवळी. सरळ बसवलं तर धडकेत डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. उलटं बसवलं की तोच जोर सबंध पाठीवर पसरतो. खुर्चीवर किती किलोंपर्यंत ते छापलेलं असतं. तिचा पट्टा घट्ट हवा, खुर्ची हातानं हलवली तर दोन बोटांपेक्षा जास्त सरकता कामा नये. आणि ऋषीच्या छातीवरच्या पट्ट्यात जाड स्वेटर अडकवू नका, पट्टा अंगाला लागला पाहिजे.

आमचे मॅनेजर मला म्हणतात, "मॅडम, गिऱ्हाईक शुभ दिवसाला आलेलं असतं, त्याला अपघाताचं सांगून घाबरवू नका." मी तरी सांगते. दीड वर्षात दोघांनीच खुर्ची घेतली. ऋषीचं तिसरं नाव झालं तर मला पगारवाढीपेक्षा जास्त आनंद होईल.

तुमची,
क्रांती

---

पलूस,
३ फेब्रुवारी

चिरंजीव क्रांती हिस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. कारण खाली येईल.

ढेप घेतली. आपल्याच गुऱ्हाळाची, दहा किलोंची. शालूबाईनं जुन्या लुगड्यात गुंडाळून दिली. म्हणाली, "टोपडं पण घालू का?" रस्ता मोकळा बघून घेतला. पट्टा लावला. जयराजनं पहिल्यांदा ब्रेक दाबला तेव्हा माझं लक्ष होतं. ढेप राहिली. मी म्हणालो, "बघ, न्हाई पडली." तो म्हणाला, "आबा, तुमी दोन्ही हातांनी आवळलीसा. पोराला असं आवळलं तर ते रडंल." मग मी सैल धरली. तो मला उसाच्या तोडीचं काहीतरी सांगत बसला. मी ऐकायला मान वळवली आणि त्यानं ब्रेक दाबला.

ढेप माझ्या हाताला लागलीसुद्धा नाही. गेली ती गेली. पुढच्या फळीवर आपटून तिचे तीन तुकडे झाले. लुगडं माझ्या हातात राहिलं.

घरी आल्यावर शालूबाईनं त्याच गुळाच्या पोळ्या केल्या. सगळ्यांनी खाल्ल्या. मी जेवलो नाही. दोन दिवस ऋषीला मांडीवर घेतला की माझा हात आपोआप आवळायचा आणि ते पोर रडायचं.

तेव्हा तू लिहिलंस ते बरोबर. मी चूक होतो. हे वाक्य मी उदयसिंहलासुद्धा कधी लिहिलेलं नाही, जपून ठेव.

आता उरलेला रिपोर्ट. उदयसिंह रजेवर आला आहे. मी आणि तो सांगलीला गेलो. त्रिशलाबाईंचं लहान मुलांच्या सामानाचं दुकान आहे, त्यांनी पोराचं वजन विचारलं, वय विचारलं आणि तेरा किलोंपर्यंतची, उलटी बसवायची खुर्ची दिली. घरी येऊन मी स्वतः बसवली. पट्टा असा आवळला आहे की खुर्ची एक बोटही हलत नाही.

आणि ती मी पुढं बसवली आहे. माझ्या जागेवर. मी मागं बसतो. भाऊबंद विचारतात, "जोतीरामा, तू मागं कसा?" मी सांगतो, "माझ्या नातवानं मला उठिवलं." लय हसतात. ऋषी तिथं साहेबासारखा बसतो. जयराजला वळून बघावं लागत नाही, पोर त्याच्या डोळ्यासमोर. शिवाय पुढं एअरबॅग आहे, म्हणजे पाठीला खुर्ची आणि खुर्चीला उशी. मागं ती सोय नाही. रोज संध्याकाळी कारखान्यापर्यंत एक फेरी होते.

तुझ्यामुळं झालं. शाबास.

जावळाची तारीख बदलली. उदयसिंहला बारा तारखेला हजर व्हायचं आहे, म्हणून येत्या रविवारी, ९ तारखेलाच पालीला जातो. मामा म्हणून तुझा भाऊ कृष्णात लोणंदहून मोटारसायकलवर परस्पर येणार आहे, त्याच्याच मांडीवर जावळ निघेल. तूही ये.

जोतीराम

---

सातारा,
७ फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळ

तीर्थस्वरूप आबांना,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आज दुपारी मिळालं. हे पत्र पोस्टानं रविवारच्या आत पोचणार नाही, म्हणून माझी मैत्रीण स्वप्नाली हिच्याबरोबर पाठवते आहे. ती उद्या सकाळच्या गाडीनं किर्लोस्करवाडीला उतरून तुमच्या घरी येईल. तिला चहा द्या, पण त्याआधी हे वाचा.

आबा, खुर्ची पुढच्या जागेवर ठेवू नका. एक फेरीसुद्धा नको.

एअरबॅग उशी नाही. धडक बसली की पापणी लवायच्या आत ती फुटून बाहेर येते, मोठ्या माणसाची छाती अडवण्याइतक्या जोरानं. उलट्या खुर्चीची पाठ अगदी तिच्या तोंडाशी येते. तो दणका खुर्चीच्या पाठीवर बसेल, आणि त्या पाठीला ऋषीचं डोकं टेकलेलं असतं. मला यापुढचं लिहवत नाही. तुमच्या मांडीपेक्षाही ती जागा वाईट आहे. शेजारच्या जागेची एअरबॅग बंद करायचं बटण काही गाड्यांना असतं, तुमच्या गाडीला ते नाही. मी आमच्या वर्कशॉपमध्ये विचारून घेतलं.

यात चूक माझी आहे. मागच्या पत्रात मी पोत्याचं, मानेचं, स्वेटरचं, सगळं लिहिलं. जागा कोणती, ती एक ओळ लिहिली नाही. खुर्ची मागे बसवायची हे मला इतकं पाठ झालं आहे की ते सांगावं लागतं हेच मी विसरले. तुम्ही तर मला पहिल्याच पत्रात पुढच्या जागेचा मान समजावून सांगितला होता. तो वाचून माझ्या लक्षात यायला हवं होतं की तुम्ही चांगलं ते ऋषीला द्याल, म्हणजे पुढची जागा द्याल. मी फक्त स्वतःचं म्हणणं कसं पटेल याचा विचार करत बसले.

दुपारी ताईला फोन केला होता. तुमच्यापासून लपवायला नको म्हणून ती काय म्हणाली तेही लिहिते. ती म्हणाली, "क्रांते, आबांनी सोताहून जागा सोडली गं. लय आनंदात हायत. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, आबा आत्ता कुठं एवढं वळल्यात, परत काय सांगू? तूच सुरवात केलीस, तूच सांग." तिनं ऋषीला सर्दी झाली आहे असं सांगून आजची फेरी टाळली आहे. उद्याची टळेल. रविवारची टळणार नाही.

सात आसनांच्या गाडीत मुलासाठी सगळ्यात सुरक्षित जागा मधल्या ओळीत, अगदी मध्ये. तिथून दोन्ही दरवाजे लांब, पुढची फळी लांब, मागची काच लांब. खुर्ची तिथं बसवा. गाडीचं पुस्तक तुमच्याकडं असेल. त्यात "एअरबॅग" आणि "चाइल्ड सीट" ही पानं बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, पुस्तकावर ठेवा.

तुमचा मान कमी करण्यासाठी मी यातलं काहीही लिहिलेलं नाही. पण रविवारी मी येत नाही. त्या दिवशी शोरूममध्ये पाच गाड्या द्यायच्या आहेत हे खरं आहे, आणि तुमच्यासमोर उभं राहायचा धीर होत नाही हेही खरं आहे.

तुमची,
क्रांती

---

पलूस,
११ फेब्रुवारी

चिरंजीव क्रांती हिस,
अनेक आशीर्वाद.

स्वप्नाली शनिवारी साडेअकराला आली. गोड पोरगी आहे, चहा घेईना. म्हणाली, "आबा, क्रांतीनं सांगितलंय, आधी वाचा." उभ्या उभ्या वाचलं. वाचून कागद खिशात घातला आणि मळ्यात निघून गेलो.

राग आला होता. तुला काय लपवायचं? एकदा चूक कबूल करायला मला तीन आठवडे लागले होते, आणि पाच दिवसांत दुसरी. शिवाय सर्दी. ऋषीला सर्दी नाही हे मला शुक्रवारीच कळलं होतं. सर्दीचं पोर अंगणभर कोंबडीच्या मागं रांगत नाही. सून खोटं बोलली, म्हणजे तिला माझ्या हाती पोर द्यायची भीती वाटते, असं मी धरून बसलो होतो. रात्रभर तेच डोक्यात होतं. तुझ्या पत्रात खरं कारण वाचलं. पोरगी मला भीत होती, पण पोरासाठी आणखी कशाला तरी जास्त भीत होती. तिच्या जागी मी असतो तर सरळ येऊन बोललो असतो असं म्हणणार होतो. मग आठवलं की गेले चार महिने ती फाटकात टोपडं घेऊन उभी राहते, ते बोलणंच होतं.

मळ्यातनं घरी आलो. गाडीचं पुस्तक माझ्या ट्रंकेत, पेन्शनच्या कागदांखाली होतं. पिशवी फोडलेली नव्हती. फौजेत नवीन गाडी ताब्यात आली की तिचं पुस्तक तोंडपाठ झाल्याशिवाय उस्ताद चावी देत नसे, आणि ही घरची गाडी मी नारळ फोडून तशीच चालू केली. इंग्रजी बारीक होतं. भिंग घेतलं, उदयसिंहला शेजारी बसवला. दुपारी एकपासून तीनपर्यंत आम्ही बापलेकांनी अकरा पानं वाचली. तो शाळेत असतानासुद्धा मी त्याच्याबरोबर असा बसलो नव्हतो.

एअरबॅगचं तू लिहिलंस तसंच आहे. चित्रासकट. तेच चित्र ऊन अडवायच्या झडपेवर चिकटवलेलं आहे, लाल फुली मारलेलं. दसऱ्याला गाडी आणली तेव्हापासून ते माझ्या नाकासमोर होतं. मी समजत होतो कंपनीची जाहिरात.

उदयसिंह म्हणाला, "आबा, मी काढतो खुर्ची."

मी म्हणालो, "मी बसिवली, मीच काढणार."

आता तुझी चूक. तू लिहिलंस मधल्या ओळीत, अगदी मध्ये. आम्ही तिथं ठेवून बघितली. आपल्या गाडीत मधल्या जागेला खांद्यावरनं येणारा पट्टा नाही, फक्त पोटावरचा आहे. खुर्चीला खांद्याचा पट्टा लागतो. त्यात ती जागा दोन सीटांच्या फटीवर येते, बुडाखाली उंचवटा. खुर्ची म्हशीसारखी डुलते. पुस्तकातही त्या जागेपुढं फुली आहे. मग राहिल्या दोन खिडक्या. उजवी का डावी, ते पुस्तक सांगत नाही. ते मी सांगतो. उजवीकडचा दरवाजा रस्त्याकडं उघडतो. गाडी कडेला लावून पोराला काढताना तुझ्या ताईची पाठ ट्रकांकडं होणार. डावा दरवाजा मातीकडं उघडतो. म्हणून मधल्या ओळीत, डाव्या खिडकीशी. ट्रकवर माल बांधताना दोरी आवळायला गुडघा देतात, तसा खुर्चीत गुडघा देऊन पट्टा ओढला. उदयसिंहनं धरून हलवली. खुर्ची नाही हलली, गाडी हलली.

तू गिऱ्हाइकांना सांगतेस ते चांगलं करतेस. पण मध्येच बसवा असं सरसकट सांगत असशील तर बंद कर. आधी त्या गाडीत शिर, पट्टा ओढून बघ, मग सांग. आणि ज्यांना सांगितलं आहे त्यांना फोन कर.

त्यानंतर घरात प्रश्न पडला की पुढं कोण. मी म्हणालो, टाक घेऊन जायचे आहेतच, देव पुढं. ताट शालूबाईनं घ्यावं. ती नाहीच म्हणाली. "मी कवा बसले पुढं? मला चक्कर येती." तिला पट्टा लावून बसवली. कराड येईपर्यंत ताट घट्ट धरून बसली होती. महामार्गाला लागल्यावर म्हणाली, "आवं, एवढा रस्ता दिसतो व्हय इथनं? आन् मला तीस वर्षं मागं बसवून निस्तं झाडं दावलीसा!"

तुझी ताई मधल्या ओळीत उजव्या खिडकीशी. उदयसिंह आणि मी शेवटच्या ओळीत. तिथं एरवी पिशव्या आणि पोरं जातात. आत शिरताना माझे गुडघे हनुवटीला लागले. जयराज म्हणाला, "आबा, घडी घालून बसा." उदयसिंहनं माझा पट्टा लावला, मला तो सापडेना.

बाकी प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. मलकापूरला खोळंबा झाला. कुणी आडवं आलं नाही. जयराजला कुठंही जोरात ब्रेक लागला नाही. पालीला कृष्णातच्या मांडीवर जावळ निघालं, ऋषी वस्तरा बघून ओरडला, नंतर स्वतःच्या टकलावर हात फिरवत बसला. टाक भेटवले, तळी भरली, जेवणं झाली. शालूबाई म्हणाली, "क्रांती भ्याली, न्हाईतर आली असती." तुझ्या वाटच्या दोन पोळ्या कृष्णातकडं दिल्या आहेत. पुढच्या वेळी भिऊ नको. मी ओरडतो, पण वाचतो.

एक मात्र लिहायचं आहे. आजवर ऋषीला मांडीवर घेऊन मी गाडीतनं हिंडलो तेव्हा मला त्याचं डोकं दिसायचं, मागनं. तो काय बघतो, कशाला हसतो, ते पुढच्या काचेला माहीत, मला नाही. आता त्याचं तोंड उलटं, आणि मी त्याच्या मागच्या ओळीत. उदयसिंहनं त्याच्या सीटची डोक्यामागची उशी काढून ठेवली होती, त्यामुळं पाठीच्या वरनं मला त्याचा सगळा चेहरा दिसत होता. मला कराडचा पूल कधी गेला तेसुद्धा कळलं नाही. ऊस दिसला की त्याचे डोळे मोठे होतात. ट्रक गेला की भुवया वर. झोप यायच्या आधी खालचा ओठ आत घेतो, उदयसिंह लहानपणी घ्यायचा तसा. असं आहे हे मला माहीत नव्हतं, कारण उदयसिंह लहान होता तेव्हा मी बर्फात होतो.

त्यालाही मी दिसत होतो. दर थोड्या वेळानं बघायचा, आहे का म्हणून. मी आहे म्हटल्यावर परत उसाकडं.

येताना पालीच्या फाट्यावर गाडी थांबली. शालूबाई उतरली आणि मागं येऊन म्हणाली, "टाक आता पिशवीत ठिवलं. माझी हौस फिटली. या, तुमची जागा घ्या."

मी म्हणालो, "न्हाई. बस तूच."

"गुडघं मोडतील तिथं."

"मोडू देत."

ऋषी जागा होता.

जोतीराम